कापायच्या आधी विचारा : कॅफे रेसरवर वाचकांचे प्रश्न

या महिन्यात कॅफे रेसरवरच, म्हणजे हँडल खाली आणि सीट आखूड करून जुन्या रेसच्या गाडीसारखी केलेल्या बाईकवरच, एवढे प्रश्न आलेत की मायलेज, बॅटरी, चेनवाले सगळे पुढच्या अंकाला ढकललेत, रागावू नका. आपल्या सातारा-सांगली पट्ट्यात प्रत्येक आळीत एखादी तरी जुनी बुलेट गोठ्यात नाहीतर जिन्याखाली पडून असते, आणि घरातलं पोरगं मोबाईलवर फोटो बघून ग्राइंडर भाड्यानं आणायच्या तयारीत असतं. म्हणून यावेळी जरा सविस्तर.

प्रश्न (वाचक, विटा) : दादा, आजोबांची १९९४ ची बुलेट ३५० आहे, कास्ट आयर्न इंजिन, उजवीकडं गिअर. कॅफे रेसर करायचीय. फॅब्रिकेटर म्हणतो मागची चेसी कापून गोल लूप वेल्ड करून देतो, दोन दिवसांचं काम. करू का? आणि सुरुवात कुठून करू?

उत्तर : नको भावा. आणि का नको ते सांगतो, म्हणजे त्या फॅब्रिकेटरलाही सांगता येईल. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, आरसीवर जी माहिती नोंदलीय आणि कंपनीनं गाडी जशी दिलीय त्याच्याशी जुळणार नाही असा बदल करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानं केरळच्या एका केसमध्ये हेच ठणकावून सांगितलं, त्याच वर्षीच्या दुरुस्तीत कलम १८२-अ आलं आणि बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागं ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद झाली. हँडल, सीट, फूटरेस्ट यावर एक साहेब काही बोलत नाही, दुसरा पावती फाडतो, पण चेसी कापली तर बोलायला जागाच राहत नाही.

कायदा बाजूला ठेवला तरी काम बघा कसं होतं. शॉकअपचं वरचं टोक ज्या पाईपला बोल्ट केलेलं असतं त्याच्यापासून चार बोटांवर कट मारणार, अर्धगोल पाईप साध्या आर्क वेल्डिंगनं चिकटवणार, जॉईंटच्या आत स्लीव्ह नाही काही नाही, वरून ग्राइंडर फिरवून वेल्डिंग पातळ करणार, लांबी (पुट्टी) भरणार, काळा रंग मारणार. फोटोत एक नंबर दिसतं. मागं कोणीतरी बसून एखादा स्पीडब्रेकर अंदाजात चुकला की त्याच जागी केसासारखी चीर दिसायला लागते. माझा गॅरेजमधला नियम एकच आहे, जे पाना घेऊन परत पहिल्यासारखं करता येत नाही ते करायचं नाही.

मग करायचं काय? पुठ्ठ्याचा साचा कापा, मूळ सीट ज्या बोल्टांवर बसते त्याच बोल्टांवर बसेल असा पत्र्याचा किंवा फायबरचा पॅन करून घ्या, मागं काऊलचा उंचवटा द्या, झालं. मूळ चेसी काऊलच्या आत लपते, बघणाऱ्याला कळतही नाही. मडगार्ड बारीक घ्या पण काढून टाकू नका, गळीत हंगामात ऊसाच्या ट्रॉल्या वावरातनं रस्त्यावर जो चिखल आणून सांडतात तो सगळा पाठीवर येतो.

क्लिपऑन हँडलचं, म्हणजे फोर्कच्या नळ्यांनाच पकडणाऱ्या दोन तुकड्यांच्या हँडलचं, मात्र जरा अवघड आहे, आणि हे कोणी आधी सांगत नाही. बुलेटच्या हेडलाईटचं ते मोठं डोकं म्हणजे नुसती लाईटची टोपी नाही, फोर्कच्या दोन्ही नळ्या वर त्यातच अडकतात, म्हणजे वरची पकड तीच. ते काढलं तर वेगळा वरचा योक, म्हणजे नळ्यांची पकड, लावावा लागतो, नळ्या सरळ रेषेत आहेत का बघावं लागतं, नाहीतर हात सोडला की गाडी एका बाजूला ओढते. म्हणून जुन्या बुलेटला मी सरळ खालच्या वळणाचं हँडल सुचवतो, दिसायला जवळपास तसंच, डोकं मूळ राहतं, केबलीही फार बदलाव्या लागत नाहीत. काहीही लावलं तरी हँडल दोन्हीकडं पूर्ण वळवून बघा, अंगठा टाकीत अडकतोय का आणि रेसची केबल ताणून आयडलिंग वाढतंय का.

रिअरसेटलाही तेच, फूटरेस्ट मागं नेला की किकच्या वाटेत येतो, तेव्हा घडीचा फूटरेस्ट लागतो. गिअरचा दांडा मागं नेताना लिंक न टाकता नुसता उलटा फिरवून बसवला तर पॅटर्न उलटा होतो, वर टाकायचा गिअर खाली पडायला लागतो, घाटात हे फार महागात पडतं.

सुरुवात इंजिनापासून करा. धूर, ऑईल गळती, ब्रेकचे लायनर, व्हील बेअरिंग, मागच्या चिमट्याचे (स्विंगआर्मचे) बुश, मग वायरिंग, आणि रंग सगळ्यात शेवटी. पन्नास-साठच्या दशकात लंडनच्या नॉर्थ सर्क्युलर रोडवर एस कॅफेसमोर गाड्या लावणाऱ्या पोरांचं डोकं वेगावर होतं, ताशी १०० मैल म्हणजे १६१ किलोमीटर गाठले की फुशारकी, त्यासाठी वजन कमी कर, वारा कमी लागावा म्हणून हँडल खाली घे, कुणी नॉर्टनच्या फेदरबेड चेसीत ट्रायम्फचं इंजिन टाकून ट्रायटन उभी कर, असा सगळा खटाटोप. ते दिसणं कामातून आलं. आपल्याकडं इंजिन निळा धूर ओकतंय आणि टाकीवर मात्र रेसिंगचा पट्टा. तुमचं इंजिन ७० बाय ९० मिलीमीटरचं, ३४६ सीसी, लांब स्ट्रोकचं, ते निवांत ओढायला बनलंय, तेव्हा १६१ विसरा आणि ८० ला न थरथरता चालणारी गाडी करा, तीच खरी मजा देते.

प्रश्न (वाचक, सातारा) : माझी बुलेट कॅफे रेसर तयार झालीय, मूळचा फिल्टर बॉक्स काढून कोन फिल्टर आणि आखूड सायलेन्सर लावलाय. पोवई नाक्यावर भारी चालते पण यवतेश्वर घाट चढताना अर्ध्या रेसला फडफडते, धक्के मारते. कार्बोरेटरची मेन जेट (पेट्रोल सोडणारी तोटी) बदलून बदलून दमलो. कासला हवा विरळ असते म्हणून होत असेल का?

उत्तर : हवेचा दोष थोडाच आहे. सातारा शहर साधारण ७०० मीटरवर, कास १,२०० च्या आसपास, म्हणजे हवा पाचेक टक्क्यांनी विरळ झाली, एवढ्यानं धक्के मारायला लागत नाही. पण या घाटाचा एक उपयोग आहे. हवा विरळ झाली की मिक्श्चर (हवा-पेट्रोलचं मिश्रण) आपोआप घट्ट होतं, म्हणजे हवेच्या मानानं पेट्रोल जास्त, तेव्हा वर कासला पोहोचल्यावर गाडी सातारपेक्षा बरी चालत असेल तर तुमचं मिक्श्चर पातळ आहे, आणि वर अजून बिघडत असेल तर घट्ट आहे. कोन फिल्टर आणि आखूड सायलेन्सर म्हणताय म्हणजे मी पातळवर पैज लावतो.

आणि मेन जेट बदलून फरक पडत नाही कारण तुम्ही ती वापरतच नाही. तुमच्या व्हीएम २४ कार्बोरेटरला, किंवा कुठल्याही स्लाईडच्या कार्बोरेटरला, रेस उघडेल तसा वेगवेगळा भाग काम करतो. आयडलिंगपासून आठव्या हिश्श्यापर्यंत पायलट जेट आणि हवेचा स्क्रू, तिथून पावपर्यंत स्लाईडचा खालचा कट, पाव ते पाऊण निडल, आणि पाऊणच्या वर मेन जेट. रेसच्या मुठीवर आणि शेजारच्या स्विच घरावर पांढऱ्या टेपच्या तुकड्यांनी खुणा करा, शून्य, पाव, अर्धा, पाऊण, पूर्ण. घाटात फडफडली की डोळे रस्त्यावर ठेवून सेकंदभर खाली नजर टाका, खूण कुठं आहे. अर्ध्यावर असेल तर निडलची क्लिप एक खाच खाली बसवा, म्हणजे निडल वर उचलली जाते आणि पेट्रोल वाढतं. एका वेळी एकच खाच, आणि बदल केला की परत त्याच चढावर त्याच गिअरला बघायचं, नाहीतर कशानं काय झालं ते कळणार नाही.

पण थांबा, कार्बोरेटरला हात सगळ्यात शेवटी लावायचा असतो, हे आपल्याकडं सगळे उलटं करतात. आधी टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची सेटिंग. इंजिन पूर्ण गार, पिस्टन कॉम्प्रेशन स्ट्रोकला वर, आणि पुशरॉड दोन बोटांत धरून फिरवायचा, तो फिरला पाहिजे पण वर-खाली हलला नाही पाहिजे, कास्ट आयर्न बुलेटचं टॅपेट एवढंच असतं, फीलर गेज लागत नाही. मग स्पार्कचे पॉईंट, गॅप ०.३५ ते ०.४० मिलीमीटर, आणि पॉईंटची तोंडं काळी पडली असतील तर कंडेन्सर बघा. मग टायमिंग. मग कार्बोरेटर आणि हेडच्या मधल्या जोडाजवळ चालू इंजिनवर कार्ब क्लीनरचा थोडा स्प्रे मारा, आयडलिंग बदललं तर तिथनं हवा शिरतेय, मग कितीही जेट बदला, उपयोग शून्य. गरम सायलेन्सरवर मात्र उडू देऊ नका.

अजून एक भानगड म्हणजे पेट्रोल. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं, त्यातलं बरंचसं आपल्याच भागातल्या ऊसाचं, तेव्हा शिव्या कुणाला द्यायच्या हाही प्रश्नच आहे. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो, त्यामुळं साध्या पेट्रोलला हवेचं प्रमाण १४.७ ला १ लागतं ते इथं साडेतेराच्या आसपास येतं. म्हणजे काही न करता तुमचं जुनं जेटिंग पातळच झालंय. जुने रबरी पाईप, कॉकचा वायसर, फ्लोटच्या पिनचं रबर टोक हे फुगतं किंवा चिरतं, ते नवीन टाका. गाडी महिना महिना उभी राहणार असेल तर कॉक बंद करून फ्लोटमधलं पेट्रोल जाळूनच बंद करा.

आणि जमलं तर मूळ फिल्टर बॉक्स परत लावा, साईड पॅनेलच्या मागं झाकला जातो, दिसत नाही. कासच्या रस्त्यावरची लाल धूळ कोन फिल्टरमधून आत जाते आणि रिंगा खाते.

प्रश्न (वाचक भगिनी, वाई) : आमच्या नानांची १९७२ ची जावा २५० आहे, ते गेल्यापासून उभीच आहे, पण कागदपत्रं सगळी व्यवस्थित. माझा धाकटा भाऊ ती कॅफे रेसर करायचं म्हणतोय. मला ते पटत नाहीये पण त्याला काय सांगू कळत नाही.

उत्तर : ताई, त्याला दोन गोष्टी सांगा, भावनेचं काही बोलू नका, पोरं त्यानं अजून पेटतात. पहिली तांत्रिक. म्हैसूरच्या आयडियल जावाच्या त्या गाडीत किक आणि गिअर एकाच दांड्यावर आहेत, दांडा आत दाबून वर फिरवला की किक, पुढं आणला की गिअर. आता सांगा म्हणावं रिअरसेट कसा बसवणार? इंजिनचा डावा भाग नव्यानं बनवल्याशिवाय जमत नाही आणि तो बनवला तर ती जावा राहत नाही.

दुसरी गोष्ट पैशाची आणि कागदाची. जुलै २०२१ मध्ये केंद्रानं व्हिंटेज गाड्यांचे नियम आणले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेल्या दुचाकीला व्हीए मालिकेचा वेगळा नंबर मिळू शकतो, नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं. पण अट आहे, चेसी, बॉडी आणि इंजिनमध्ये मोठा फेरफार केलेला नसावा. रोजच्या वापराला ती गाडी चालत नाही, प्रदर्शन, रॅली, इंधन भरणं, दुरुस्ती एवढ्यालाच बाहेर काढायची. तुमच्या गाडीला पन्नास होऊन गेली. ग्राइंडर लागला तर हा दरवाजा बंद होतो आणि परत उघडत नाही. आधी आरसीवर तुम्हा वारसांचं नाव लावून घ्या, फॉर्म ३१ असतो त्यासाठी, ते राहिलं तर पुढचं काहीच होत नाही. भावाला हौसच असेल तर त्याला एखादी साधी नव्वदच्या दशकातली गाडी घेऊन द्या आणि त्यावर हात साफ करू द्या.

प्रश्न (वाचक, सांगली, गावभाग) : २०१९ च्या पुरात बुडालेली एक बुलेट फार स्वस्तात मिळतेय, तेव्हापासून चालूच केलेली नाही म्हणतात. प्रोजेक्टसाठी घेऊ का?

उत्तर : स्वस्त किती, त्यावर नाही, आतमध्ये काय त्यावर ठरवा. आणि बघायला गेलात तर उत्साहात किक मारू नका, मालकालाही मारू देऊ नका. कृष्णेचा गाळ मैद्यासारखा बारीक असतो, तो जुन्या बुलेटच्या कनेक्टिंग रॉडच्या तळाच्या बुशात बसतो आणि पहिल्या किकेलाच सगळ्यावर रेघा मारतो. प्लग काढा, आत टॉर्च मारून बघा, तळाचा ऑईलचा बोल्ट सैल करा. आधी पाणी, मग दुधाच्या चहासारखं ऑईल आलं तर क्रँक उघडायचाच असं धरून भाव करा. क्रँक, बोअर, ओव्हरसाईज पिस्टन, सगळी बेअरिंग, दोन्ही ब्रेक, सगळं वायरिंग हे खर्चात धरा. गिअरबॉक्स वेगळा असतो, तो वेगळा बघा. टाकी आतून गंजलेली असणार.

लेथच्या कामाला गावात ओळखीचा माणूस नसेल तर सातारला विचारा, तिथं महाराष्ट्र स्कूटर्सच्या कारखान्यात प्रिया स्कूटर बनायची, त्या काळातल्या फिटर-टर्नर लोकांच्या हाताखाली तयार झालेले कारागीर अजून सापडतात, आणि बोअर मारताना ते आधी पिस्टन मागतात, पिस्टन न बघता बोअर मारणाऱ्याकडं जाऊच नका.

कागदाचं मात्र पक्कं करा. आरसी पुरात गेली असेल तर पोलिसात नोंद करून फॉर्म २६ वर डुप्लिकेट मालकानंच काढायची, तुम्ही नाही. विमा कंपनीनं तेव्हा गाडी पूर्ण नुकसानीत काढून नोंदणी रद्द झालीय का ते परिवहनच्या ॲपवर नंबर टाकून बघा. रद्द असेल तर ती गाडी नाही, सुटे भाग आहेत.

प्रश्न (वाचक, मिरज) : सायलेन्सरच्या आतला आवाज दाबणारा बॅफल काढला तर पॉवर वाढते ना?

उत्तर : आवाज वाढतो. खालची ओढ कमी होते आणि मिक्श्चर पातळ होतं. पोलिसांनी रोलरखाली चिरडलेल्या सायलेन्सरांचे फोटो पेपरात बघितलेच असतील.

प्रश्न (वाचक, कराड) : दीड वर्ष खपून बुलेटची कॅफे रेसर केली, आता घरात गाडी घ्यायची म्हणून विकतोय. पुण्याचा एकजण रोख द्यायला तयार आहे पण म्हणतो आरसी सध्या तुमच्याच नावावर राहू दे, नंतर करून घेतो. आणि भाव काय सांगावा? झालेला खर्च तरी निघावा.

उत्तर : आधी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर, कारण ते कडू आहे. खर्च निघत नाही. पार्टचे पैसे थोडेफार निघतात, मजुरी आणि रविवार निघत नाहीत. घेणारा तुमच्या गाडीची तुलना तुमच्या घामाशी करत नाही, शोरूमशी करतो. २०१८ पासून रॉयल एनफिल्डची कॉन्टिनेन्टल जीटी ६५० मिळते, ६४८ सीसी, ४७ हॉर्सपॉवर, एबीएस, वॉरंटी, आणि आरसीवर जे लिहिलंय तीच गाडी. त्याआधीची, २०१३ ला आलेली कॉन्टिनेन्टल जीटी ५३५ सेकंडहँडला मिळते, तीही कंपनीतूनच कॅफे रेसर, तिला कुठला साहेब अडवणार नाही. तुमची गाडी या दोघींच्या मधल्या भावात कोणी घेत नाही, त्यांच्या खालीच बसते.

भाव वाढवायचा असेल तर एक गोष्ट करा, माळ्यावरचं मूळ सामान काढा. सीट, हँडल, मडगार्ड, सायलेन्सर, फिल्टर बॉक्स, सगळं पोत्यात भरून गाडीबरोबर द्या, आणि शक्य असेल तर मूळ सामान लावून, आरसीशी जुळेल अशीच गाडी दाखवा आणि कॅफे रेसरचं सामान पोत्यात ठेवा. ज्याला जशी हवी तशी तो लावेल. रंग बदलला असेल तर आरसीवर तो बदल आधी चढवून घ्या. तुम्ही चेसी कापली नसेल तर हे सगळं एका दुपारचं काम आहे, कापली असेल तर घेणाऱ्याला तोंडावर स्पष्ट सांगा, लपवून विकलं तर महिनाभरात परत दारात उभा राहतो आणि बरोबर चार माणसं आणतो.

आता पुण्याच्या माणसाचं. अजिबात नाही. २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टानं नवीन कुमारच्या खटल्यात स्पष्ट सांगितलंय की आरटीओच्या रेकॉर्डला ज्याचं नाव तोच मालक, गाडी पुढं कितीही हातांत फिरली असली तरी अपघाताची भरपाई त्याच्या गळ्यात पडते. त्यात विमा संपलेला असला तर बघायलाच नको. टीटी फॉर्म म्हणजे २९ आणि ३० दोघांच्या सह्यांनी भरा, विकल्यापासून १४ दिवसांत तुम्ही आरटीओला कळवायचं असतं, तो उशीर करत असला तरी तुमचं काम करून पोच ठेवा. १५ वर्षं झाली असतील तर आधी नोंदणीचं नूतनीकरण करून घ्या, पाच पाच वर्षांचं मिळतं, त्यात पर्यावरण कर वेगळा, आणि हे सगळं घेणाऱ्यावर ढकललं की तो भावातनं दुप्पट कापतो. कर्ज असेल तर बोजा उतरवल्याचं फॉर्म ३५. चेसी नंबर आणि इंजिन नंबर गंजले किंवा रंगाखाली गेले असतील तर थिनरनं हळू पुसा, सँडपेपर नको, खोडलेला दिसला की इन्स्पेक्टर गाडी बाजूला लावतो.

गिऱ्हाईक यायच्या आधी इंजिन तापवून ठेवू नका, जाणकार माणूस आल्या आल्या सायलेन्सरवर हात ठेवतो आणि गरम लागलं की त्याच्या मनात शंका येते. गार इंजिनवर त्याच्याच हातानं किक मारू द्या. टेस्ट राईडला देताना त्याचं लायसन बघा, त्याच्या गाडीची चावी आणि इसाराची रक्कम हातात ठेवा, आणि पहिल्यांदा मागं तुम्ही बसा. सीटवर दुसऱ्या माणसाला जागा नसेल तर पोत्यातली मूळ सीट त्यासाठी तरी लावाच.

प्रश्न (वाचक, तासगाव) : आरएक्स १०० ची कॅफे रेसर चांगली दिसेल का?

उत्तर : दिसेल, पण करू नका. १९९६ ला बंद झालेली गाडी, मूळ टाकी, मूळ साईड पॅनेल, मूळ सायलेन्सर असलेली आता शोधावी लागते, आणि शोधणारे मूळ स्टिकरलाही पैसे देतात. तुमच्याकडची आधीच कोणीतरी बिघडवलेली असेल, नंबर जुळत नसतील, टाकी दुसरीची असेल, तर मग हँडल-सीट बदलून घ्या हौस भागवून, मूळ जे शिल्लक आहे ते तेवढं कापडात गुंडाळून ठेवा. पोर्टिंग, म्हणजे सिलिंडरची भोकं खरवडून मोठी करणं, मात्र गल्लीतल्या कुणाकडून करून घेऊ नका, बोअरमधलं ॲल्युमिनियम आणि लोखंड एकदा खरवडलं की तो सिलिंडर गेला, आणि मूळ सिलिंडर आता सहज मिळत नाही.